आजी उठली की उजाडायचं

परवा तुमच्या आईचा फोन आला तेव्हा ती कुरकुरत होती. थोरला सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात असतो, धाकटी अंधारात उठून घर डोक्यावर घेते आणि तुमचे बाबा रात्री दिवा लावून बसतात. "एका घरात राहतो की तीन गावांत, तेच कळत नाही," असं ती म्हणाली. मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही. तुमच्याकडे ज्यावरून थोडी कुरबूर होते, त्याच गोष्टीपायी आमच्या ठाण्याच्या घरात एका माणसाच्या जिवावर बेतलं होतं. ते तुम्हाला लिहून कळवावं, असं तेव्हापासून मनात आहे. तुम्ही ते घर पाहिलेलं नाही, म्हणून क्रमाने सांगते.

आमचं बिऱ्हाड चेंदणीच्या बाजूला एका वाडीत होतं. वाडीत चार बिऱ्हाडं आणि मागे सगळ्यांत मिळून एक विहीर. घरात माझे आई-बाबा, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे माझे काका, बाबांची आई म्हणजे माझी आजी, आणि मी. पुरुष बाहेरच्या खोलीत झोपायचे, आम्ही बायका माजघरात. घड्याळ सबंध घरात एकच होतं, तेही बाहेरच्या खोलीत. त्याला चावी द्यायचं काम काकांचं. आमच्या बाजूला घड्याळ नव्हतं, आजी होती. आजी उठली की उजाडायचं.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला मी सात-आठ वर्षांची होते. त्या वयात मी आणि आजी एका पक्षाच्या होतो. "उठा गो, उजाडलं!" अशी तिची हाक आली, की सगळ्यांत आधी मी उडी मारून उठायचे. बाहेर अंधारच असायचा, पण विरायला लागलेला. आजी माझा हात धरून परसात न्यायची. प्राजक्ताखालची फुलं आम्ही दोघी वेचायचो. तिला वाकवत नसे, म्हणून ती काठीने दाखवायची आणि मी उचलायचे. आई विहिरीवर पाणी काढत असायची. पहिली कळशी पाण्यात बुडायची आणि खाडीकडच्या गिरणीचा भोंगा व्हायचा, हे जवळजवळ एकदमच. मी कानांवर हात ठेवायचे आणि आजी म्हणायची, "बघ, आपण त्याच्याही आधी उठलो." त्या वेळेला जगात आम्ही दोघीच जाग्या आहोत, असं मला वाटायचं. लहान मूल आणि म्हातारं माणूस यांचं सकाळी इतकं का जमतं, हे मला पुढे कळलं. दोघांनाही झोप पुरते आणि दोघांनाही वाट बघवत नाही.

पुढे तेरा-चौदाव्या वर्षी माझी सकाळ हरवली. कशी ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी दिवा लागला की डोकं तरतरीत व्हायचं, इंग्रजी धडे पाठ व्हायचे, गणितं सुटायची. सकाळी मात्र आजीची हाक पाण्याखालून आल्यासारखी ऐकू यायची. आजी पांघरूण ओढायची. "अगो, परवापरवापर्यंत माझ्या आधी उठायचीस. आता काय धाड भरली?"

आई मध्ये पडायची. "असू दे हो. मॅट्रिकला जायचंय तिला. रात्री वाचत बसते."

बाबाही माझ्याच बाजूचे. इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी म्हणून मला झोपेची सवलत मिळाली. आजीने नंतर माझं पांघरूण ओढणं सोडलं. ती एकटीच परसात जायची आणि काठीने फुलं दाखवायला तिला कोणी उरलं नाही.

काकांचं तर काही विचारूच नका. ते तेव्हा पंचविशीत होते. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी तलावाकाठच्या मित्रांबरोबर नाटकाच्या तालमी. सकाळी नावापुरते उठायचे. आई चहाचा कप त्यांच्या उशाशी आपटत विचारायची, "भावोजी, तुमचा सूर्य कुठल्या दिशेला उगवतो हो?"

"पश्चिमेला, वहिनी. म्हणून तर संध्याकाळी मी असा झळकतो."

यावर आजीसुद्धा हसायची. "पुरुषमाणूस आहे, दमतो," म्हणायची. बाबा मात्र चाळिशी ओलांडल्यावर हळूहळू लवकर उठायला लागले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता, जणू काही ती त्यांची कमाई होती. माझ्या सबंध आयुष्यात मी हेच पाहत आले आहे. मुलं वयात आली की त्यांचा दिवस रात्रीकडे सरकतो, मुलग्यांचा जास्त, मुलींचा थोडा कमी. मग पन्नाशीच्या आसपास सगळेच हळूहळू पहाटेकडे परततात. मुलींचा थोडा कमी, हे मात्र मी जरा बिचकत लिहिते आहे. तो त्यांचा स्वभाव की धाक, हे ठरवणार कसं? आमच्या काळात मुलींना झोपू कोण देत होतं?

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना काकांचं लग्न झालं आणि काकू आली. तिचं माहेर कल्याणला, पारनाक्याजवळ. माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी, शिडशिडीत, आवाज गोड. लग्नानंतर काका-काकूंना कोठीची खोली मिळाली आणि घरच्या रिवाजाप्रमाणे पाण्याचं काम धाकट्या सुनेकडे गेलं.

हे पाण्याचं काम म्हणजे काय ते सांगायला हवं. देवाचं आणि स्वयंपाकाचं पाणी सोवळ्यात काढायचं. म्हणजे आधी आंघोळ करायची, ओल्या लुगड्यानेच विहिरीवर जायचं, आणि वाडीतल्या दुसऱ्या कोणाचाही पोहरा पडायच्या आत आपली कळशी बुडवायची. त्याला आजी 'पहिलं पाणी' म्हणायची. त्या पाण्याखेरीज तिच्या देवांना आंघोळ नाही आणि तिच्या पोटात घोट नाही.

काकू हे सगळं मुकाट्याने करायची. पण माझ्यासारखीच तीही संध्याकाळची होती. दिवसभर विझलेली असायची. जेवणं झाली, आजी माळ घेऊन पेंगायला लागली, की काकूच्या चेहऱ्यावर कोणीतरी वात सारल्यासारखं व्हायचं. काकांच्या तालमीतली पदं ती गुणगुणायची, नकला करायची. एकदा पोळपाट डोक्यावर धरून तिने नाटकातला राजा केला, तेव्हा आई हसून हसून भिंतीला टेकली. काका परत येईपर्यंत तिला जेवता येत नसे, म्हणून ती माझ्यापाशी बसून राहायची. "अगं ए पंडिते, वाच ना मोठ्याने. मला नाही कळलं तरी चालेल," म्हणायची.

ते आजीला दिसायचं. पेंगता पेंगता एक डोळा उघडून ती काकूकडे बघत राहायची. एकदा ती आईला म्हणाली, "ही दिवसा मेल्यासारखी आणि रात्री अशी फुलते. बाईमाणसाला शोभतं का हे? ही वेळ कुणाची असते, ठाऊक आहे ना?"

"वय आहे हो तिचं," आई म्हणाली.

"तुझंही होतं की. तू नाही अशी फुललीस."

नंतर भांडी घासताना आई मला म्हणाली, "मी फुलले असते, तर मला तरी कुणी पाहिलं असतं?"

काकूला आमच्याकडे येऊन वर्ष होत आलं आणि तिच्या अंगावर काही खुणा दिसायला लागल्या. पोळ्या भाजताना डुलकी लागली आणि मनगट तव्याला चिकटलं. भाजी चिरता चिरता विळीवर मान कलली, तेव्हा आईने तिला मागे खेचलं. डोळ्यांखाली काळं आलं. बाबांनी शक्तीचं औषध आणून दिलं. ते तिने संपवलं, पण फरक पडला नाही. मग एके दिवशी तिन्हीसांजेला, म्हणजे घरात लक्ष्मी येते असं मानतात त्या वेळेला, ती देवापुढे दिवा लावायला बसली आणि हातात तेलाची बुधली धरूनच झोपली. तेल पदरावर सांडत होतं आणि समोर ज्योत होती. आजीनेच ते पाहिलं. ती ओरडली नाही. पुढे होऊन तिने ज्योत हाताने विझवली आणि अंधारातच म्हणाली, "ही झोप हिची नाही."

पुढच्या आठवड्यात काकूला विश्रांतीसाठी कल्याणला पाठवलं. आठ-दहा दिवसांनी ती परत आली ती गुबगुबीत होऊन, हसत, गाल भरलेले. आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. आजीने मात्र तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा आणखीच उतरला. माहेरी बरी होते आणि इथे आली की सुकते, याचा तिला एकच अर्थ दिसत होता, बाधा. जे काही धरून बसलं होतं ते काकूत नव्हतं, आमच्या परसात होतं. आणि परसात काकू जायची ती एकाच जागी.

आजीच्या ओळखीचे पंचांग बघणारे एक म्हातारे गृहस्थ होते. आजीने त्यांना विचारलं. त्यांनी उपाय सांगितला: सव्वा महिना काकूने पहिलं पाणी नुसतं भरायचं नाही, पहिली कळशी स्वतःच्या अंगावर घ्यायची, तुळशीला फेरे घालायचे, आणि हे सगळं आकाशात उजेडाचा टिपूसही नसताना. म्हणजे जिला झोप अनावर होत होती, तिला आणखी आधी उठवायचं ठरलं. बाबा संतापले.

"आई, हे शुद्ध खूळ आहे."

"तुझ्या इंग्रजी पेपरात सगळं असतं रे. विहिरीतलं नसतं."

बाबा खूप वेळ येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी म्हणाले, "सव्वा महिनाच ना? होऊ दे. निदान तुझं समाधान." काकांना विचारलं तर ते म्हणाले, "तिची काही हरकत नाही." तिची हरकत आहे का, हे तिला कुणी विचारलं होतं, ते मला ठाऊक नाही.

पौषातले दिवस होते. आता मला आजीची हाक झोपेत कुठूनतरी फार खोलातून येऊ लागली. "उठा गो, उजाडलं!" मग मोरीतला पाण्याचा आवाज, मागच्या दाराची कडी, रहाटाची कुरकुर. आणि त्यानंतर गुणगुणणं. काकू जागं राहण्यासाठी विहिरीवर पदं म्हणायची. अंधारातून येताना त्यांचे शब्द गळून पडायचे आणि नुसता सूर यायचा. आजी माजघराच्या दारात उभी राहून तो ऐकायची आणि पुटपुटायची, "बोलते बघ कुणाशी तरी."

एकदा मी खिडकीशी गेले. चांदणं होतं. काकू कठड्यावर दोन्ही हात टेकून आत बघत उभी होती. तिची मान हळूहळू खाली गेली, आणखी खाली गेली, आणि मग झटका बसल्यासारखी वर आली. मी आईला हलवून सांगितलं. आई त्या दिवसापासून मागच्या दारात उभी राहायला लागली, पण आजी तिला कणीक मळायला हाक मारायची आणि दार रिकामं व्हायचं. "धुण्याच्या दगडावर बस हवं तर, पण कठड्याला टेकू नको," एवढं आईने काकूला बजावलं.

त्या संध्याकाळी मी काकूला विचारलं, "काकू, सकाळी विहिरीत काय बघत होतीस?"

ती वेणी घालत होती. हसून म्हणाली, "काही नाही गं. आत इतका गार अंधार असतो. वाटतं, इथे कुणी उठवायला येणार नाही. काय मस्त झोप लागेल." मग माझा चेहरा बघून तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "वेडाबाई! गंमत केली."

मला ती गंमत वाटली नाही. मी तेही आईला सांगितलं. आईने काकूचं लग्नातलं जड लुगडं काढून दिलं, ओल्याने बदलायला कोरडं म्हणून, आणि त्या रात्री ती स्वतः फार वेळ जागी होती. मला तिच्या या कुशीवरून त्या कुशीवर वळण्याचा आवाज येत होता.

आणखी एक गोष्ट होती आणि ती आम्हा सगळ्यांच्या कानांवर रोज पडत होती. भोंगा. मी लहान असताना तो पहिल्या कळशीबरोबर व्हायचा. काकू आली त्या वर्षी तो पाणी भरून झाल्यावर व्हायचा. आता तो व्हायचा तेव्हा पाणी भरून, देवपूजा होऊन, आजीचा चहा होऊन, ती दुसऱ्यांदा पेंगायला लागलेली असायची. आईने एकदा विचारलंही होतं, "बाहेर जाऊन घड्याळ बघून येऊ का हो?"

"सकाळ काय घड्याळाला विचारून होते?" आजी म्हणाली. "मी उठल्येय ना?"

आणि आई पुन्हा कामाला लागली, कारण त्या घरात लग्न होऊन आल्यापासून आजी उठली म्हणजे सकाळ झाली, हे तिच्याही अंगात मुरलं होतं. घड्याळ मागे पडतं, पुढे जातं. आजी कधी चुकली नव्हती.

सव्वा महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. मी गाढ झोपेत होते. मला जागं केलं ते रहाटाने. रोजची कुरकुर नव्हती ती. रहाट सुटल्यासारखा गरगरत गेला आणि खाली काहीतरी धप्पकन पाण्यात पडलं. मग काहीच नाही. गुणगुणणंही नाही.

"भावोजी!" आई किंचाळली. "भावोजी, विहीर!"

काका कसे धावले ते मला आठवतं. ते दाराच्या चौकटीवर आपटले आणि तसेच पुढे गेले. बाबा कंदील घेऊन आले. शेजारच्या बिऱ्हाडाची खिडकी उघडली. विहिरीवर कोणी नव्हतं. रहाटावर दोर नव्हता. काका कठड्यावरून अर्धे आत वाकले आणि ओरडायला लागले, "अगं! अगं ए! अगं!" त्या काळी नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. काकांनी काकूला कधी नावाने हाक मारलीच नव्हती. ते त्या काळ्या भोकात नुसतं "अगं, अगं" करत राहिले आणि विहीर तेच त्यांना परत देत राहिली.

बाबांनी गळ आणला. गळ म्हणजे विहिरीत पडलेली भांडी काढायचा लोखंडी आकड्यांचा झुपका. तो खाली सोडला. दोर हिंदकळत राहिला. मग काहीतरी अडकलं. काका ओढायला लागले आणि ते जड होतं, फार जड होतं. बाबांनी कंदील पुढे धरला. पाण्यातून वर आलं ते लुगडं. आईने काढून दिलेलं लग्नातलं लुगडं, पाणी पिऊन फुगलेलं. आई मातीतच खाली बसली.

आजी तुळशीपाशी उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

काकांनी तो दोर कमरेला बांधायला घेतला. त्यांना पोहता येत नव्हतं. बाबा म्हणाले, "थांब, आधी उजेड आणा कुणीतरी, आणखी उजेड!" दुसरा कंदील न्हाणीघरात, पाणी तापवायच्या चुलीपाशी असायचा. तो आणायला मी धावले. आत अंधार होता, चुलीत निखारे होते. मी कंदिलासाठी हात पुढे केला आणि माझा पाय कशावर तरी पडला. मऊ, गरम.

काकू होती. चुलीच्या उबेला पाठ लावून, लाकडांच्या मोळीवर गाल ठेवून झोपली होती. अंगावरचं ओलं लुगडं वाफाळत होतं. बाहेर सगळी वाडी तिच्यासाठी आक्रोश करत होती आणि ती दहा पावलांवर तान्ह्या मुलासारखी झोपली होती. मी ओरडले तेव्हा ती दचकून उठली आणि डोळे न उघडताच म्हणाली, "उठते हं, उठते. उजाडलं का?"

नंतर उलगडलं ते इतकंच. तिने कळशी भरून वर काढली, कठड्यावर आपल्या कोरड्या लुगड्यावर टेकवली, आणि थंडीने कुडकुडत क्षणभर चुलीपाशी गेली. तिथे तिला झोप लागली. कळशी कठड्यावरून कलली, आणि लुगडं, दोर, सगळं घेऊन आत गेली. काकू कळशीला टेकून उभी असती, तर तीही गेली असती. रोज ती तशीच उभी राहत असे.

काकांनी काकूला सगळ्यांदेखत हाताला धरून घरात नेलं. आमच्या घरात तसं कधी कुणी केलं नव्हतं. बाबा मात्र परसातच थांबले. ते आकाशाकडे बघत होते. मग बाहेरच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून घेऊन आले. धुण्याच्या दगडावर ते ठेवून त्यांनी कंदील वर उचलला.

"आई, बघ. पावणेतीन."

आजी पुढे वाकली. "बंद पडलं असेल."

बाबांनी घड्याळ उचलून तिच्या कानाशी धरलं. ते चालू होतं. त्या शांततेत मलासुद्धा त्याची टिकटिक ऐकू आली.

"असं कसं?" आजी म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. लहान मुलाचा असतो तसा होता. "माझी झोप झाली ना."

आईने चहा केला. आम्ही सगळे स्वयंपाकघरात भोंग्याची वाट बघत बसलो. तो होईना. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला, काका भिंतीला टेकून झोपले, तरी तो होईना. आजी दाराकडे तोंड करून बसली होती. तेव्हा आम्हाला कळलं, की तिची पहाट वर्षानुवर्षं हळूहळू मागे सरकत रात्रीच्या पोटात शिरली होती, आणि तिच्यापाठोपाठ ती काकूला तिथे घेऊन गेली होती.

त्या दिवसापासून घड्याळ स्वयंपाकघरात आलं. काकूने भोंग्याला उठायचं, असं बाबांनी ठरवलं. आजीने हुज्जत घातली नाही. देवांना कधी पहिलं पाणी मिळालं, कधी दुसरं. महिन्याभरात काकूचे गाल भरले, मनगटावरचा डाग तेवढा राहिला. तिची बाधा गेली, असं शेजारणी म्हणाल्या. घरात कुणी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

पण आजीला झोप कुठून येणार? ती तिच्या वेळेलाच उठायची. हाक मारायची नाही, हे तिला सांगितलं होतं आणि तिने ते पाळलं. अंधारात मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. मला कधी जाग आली, तर तिच्या तपकिरीच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. मग फार वेळ काहीच नाही. मग पुन्हा झाकण. दुपारी एकदा ती मला म्हणाली, "अगो, हल्ली सकाळ व्हायला फार वेळ लागतो." तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. तशी मी तिच्यात आधी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या थंडीत एके दिवशी भोंगा झाला आणि काकू नेहमीप्रमाणे मागचं दार उघडायला गेली. दार उघडंच होतं. आजी उंबऱ्यावर चौकटीला टेकून बसली होती. काकूने तिला दोनदा हाक मारली, मग खांद्याला हात लावला. अंग केव्हाच गार झालं होतं. डबीतली तपकीर मांडीवर सांडली होती.

दहावा-बारावा झाला, पाहुणे गेले. त्यानंतर एका संध्याकाळी, जी तिची एरवी गाण्याची वेळ, काकूने मला विचारलं, "हाक मारली असेल का गं त्यांनी? मी झोपले होते. मला ऐकू नसतं आलं."

मी म्हटलं, "नसेल मारली. मारायची नाही असं ठरलं होतं ना."

"हो," ती म्हणाली. "ठरलं होतं."

पुढे काका-काकू डोंबिवलीला राहायला गेले. मी लग्नानंतरही त्यांच्याकडे जात असे. संसार झाला, मुलं झाली, काकूचं गाणंही परत आलं. पण तिने तोच प्रश्न मला आणखी दोनदा विचारला, तसाच, मधेच, काहीतरी निवडता निवडता. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

आता मीही डोंबिवलीतच आहे, तुमच्या मामाकडे, हे तुम्ही जाणताच. मामाने माझ्या उशाशी एक घड्याळ ठेवलं आहे, ज्याचे आकडे अंधारात दिसतात, आणि एक छोटी घंटा. "काही वाटलं तर वाजव, आई. कितीही वाजलेले असोत." मामी सकाळी नोकरीवर जाते. तिची झोप मोडू नये म्हणून मी उठले तरी मोठा दिवा लावत नाही. नळ सोडत नाही. गेल्या वर्षापर्यंत मी चारला उठत होते. हल्ली मला तीनच्या आधीच जाग येते, आणि जाग येते तेव्हा अगदी स्वच्छ, सकाळ झाल्यासारखीच येते. माझी झोप झालेली असते. मी घड्याळाकडे बघते आणि मग खिडकीकडे. खिडकी काळी असते.

थोरल्याला झोपू द्या, एवढं तुमच्या आईला माझ्याकडून सांगा. त्याची सकाळ येईल तेव्हा येईल. धाकटीला मात्र विचारा, ती इतक्या लवकर उठून कोणाला उठवायला जाते.

या वेळेला तिकडे परदेशात तुमच्याकडे संध्याकाळ असते. दिवे लागलेले असतील, कुणीतरी जागं असेल. म्हणून मी बहुतेक याच वेळेला तुम्हाला लिहायला बसते.